तानूबाईनं राखलेल्या टिपऱ्या

हं, सरका बघू जरा. ठकू, तू भिंतीकडे हो. विन्या, पांघरूण एकट्यानं ओढायचं नाही, ते सगळ्यांचं आहे. डोळे मिटा. कान उघडे राहिले तरी चालतील.

एकदा काय झालं, करंजनगरी नावाचं एक राज्य होतं. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठाला. राज्य लहान, पण माणसं भारी तोंडाळ. गप्प म्हणून कुणी बसायचं नाही. आणि तिथं एक रीत होती बरं का, फार जुनी. गावाबाहेर एक मोठा काळा कातळ होता. सपाट, उघडा. वर झाड नाही की छप्पर नाही. राज्याचं सैन्य कुठं पाठवायचं असलं, की आधी सगळ्यांनी त्या कातळावर बसायचं. राजानं बसायचं, सेनापतीनं बसायचं, शिपायांच्या आयांनी, बायकांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, सगळ्यांनी. पायातलं काढून यायचं आणि नुसत्या दगडावर बसायचं. सतरंजी नाही, पाट नाही. मग कुणीही उठून विचारायचं, आमची पोरं कुठं चालली? कशासाठी चालली? आणि परत कधी येणार? उत्तरं पटली तर नगाऱ्यावर टिपरी पडायची आणि सैन्य निघायचं. नाही पटली तर घोड्यांची खोगिरं उतरायची.

तुम्ही म्हणाल, आजी, एवढी माणसं बोलत बसली तर वर्ष जाईल. मुळीच नाही जात! कातळच तसला होता. उन्हात तापायचा, थंडीत गारठायचा. त्याच्यावर बसून लांबण लावायची कुणाची छाती आहे? जो तो कामापुरतं बोलायचा आणि उठायचा. जुन्या माणसांनी जागा हुशारीनं निवडली होती.

कातळाच्या मधोमध तो नगारा. त्याच्या दोन टिपऱ्या होत्या खैराच्या लाकडाच्या, हातभर लांब आणि चांगल्या जाड. त्या टिपऱ्यांनीच तो वाजायचा. दुसऱ्या कशानं बडवला तर भिजक्या पोत्यावर काठी मारल्यासारखा भद्द करायचा. आणि नगारा वाजल्याशिवाय करंजनगरीचं एक घोडं जागचं हलत नसे. मारा, ओढा, गूळ चारा. नाहीच हलायचं.

आता तिथं राजा कसा ठरायचा ठाऊक आहे? राजाचा मुलगा राजा, असं नव्हतं. जुना राजा गेला की हत्तिणीच्या सोंडेत माळ द्यायची. ती गावभर फिरायची आणि ज्याच्या गळ्यात माळ घालील तो राजा. माळेबरोबर त्या टिपऱ्याही त्याच्या हातात द्यायच्या. हत्तीण काही वेडी नव्हती हो. सगळा गाव ज्याच्याकडे बघत असेल, तिकडंच ती बघायची.

तर एक राजा झाला, त्यानं ही रीत मोडली. टिपऱ्या उचलून महालात नेल्या. मनात येईल तेव्हा नगारा वाजवायचा आणि सैन्य पाठवायचा. लोक कुरकुरले. तेव्हा रायाजी नावाचा एक धान्याचा व्यापारी कातळावर उभा राहिला आणि घसा फोडून ओरडला, "गावाला विचारल्याशिवाय एक घोडा हलता कामा नये!" लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढं राजा मेला. हत्तिणीनं कुणाला माळ घातली? बरोब्बर. रायाजीला.

रायाजी सिंहासनावर बसला. मऊमऊ गादी, पाठीला लोड. आणि थोड्याच दिवसांत नगारा वाजला. ना बैठक ना काही. लोक धावत महालाशी गेले. रायाजी म्हणाला, "सैन्याच्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. शत्रू ऐकतो." लोक म्हणाले, अहो, पण तुम्हीच तर म्हणाला होतात! रायाजीनं असं काही बघितलं त्यांच्याकडे, जसं काही ही माणसं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. म्हणाला, "मी? मी असं कशाला म्हणेन?"

त्या सैन्यात सटवाजी नावाचा एक शिपाई होता. नवीन लग्न झालेलं, घरात पाळणा हाललेला. तो गेला तो गेलाच. कुठं गेला, कशासाठी गेला, त्याच्या बायकोला कुणी सांगितलं नाही. ती बायको म्हणजे तानूबाई. आपली गोष्ट तिचीच आहे.

मग रायाजीही गेला. त्याच्या राज्यात वामनपंत नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. त्यांनी तर बैठकीसाठी उपास धरला होता. कातळावर उन्हात बसून राहिले, ओठ सुकले, बायका रडल्या. हत्तिणीनं त्यांना माळ घातली. वामनपंत सिंहासनावर बसले, आणि काय सांगू बाई! पुन्हा तेच. नगारा वाजला, सैन्य गेलं. विचारायला गेलेल्यांना वामनपंत गोड आवाजात म्हणाले, "बैठक घ्यावी की न घ्यावी, याचा आम्ही सखोल विचार करत आहोत." तो विचार त्यांचा मरेपर्यंत संपला नाही.

आता मी तुम्हाला एक गुपित सांगते. त्या सिंहासनाखाली एक यक्ष राहायचा. मांजराएवढा, काळा, लांब जिभेचा. त्याला भूक कशाची? लाडवाची नाही, मटणाची नाही. शब्दांची. नवीन राजा सिंहासनावर टेकला, की हा खालून हळूच जीभ काढायचा आणि राजा खाली उभा असताना जे जे बोलला होता, ते त्याच्या मनातून चाटूनपुसून खायचा. राजाला कळायचंसुद्धा नाही. उलट त्याला जरा गुदगुल्या व्हायच्या आणि बरं वाटायचं. हसू नकोस ठकू, झोप उडेल.

तर तानूबाई. अंगानं किडकिडीत, बोलायला फटकळ. घोंगड्या विणायची आणि पोर वाढवायची. पोराचं नाव म्हादू. तिच्या शेजारी मंजुळा राहायची. नाव मंजुळा, आणि आवाज असा की नदीपलीकडची ढोरं मान वर करायची. दोघी जिवाभावाच्या. रोज पहाटे एकाच जात्याला दोघी समोरासमोर बसायच्या. सटवाजी गेला तेव्हा मंजुळानं तानूच्या वाटचं दळण किती दिवस एकटीनं दळलं, ते त्या जात्यालाच ठाऊक.

वामनपंतांच्या राज्यात मंजुळा कातळावर उभी राहू लागली. रोज जायची. म्हणायची, "माझ्या शेजारणीचा नवरा कुठं गेला ते मला सांगा. तोवर मी इथून हलत नाही." एवढंच. पण त्या आवाजात! गाव गोळा व्हायला लागलं. आणि वामनपंत गेल्यावर हत्तीण सरळ मंजुळाच्या दारात येऊन उभी राहिली.

गळ्यात माळ पडली. हातात टिपऱ्या आल्या. वाजंत्री वाजायला लागली. आणि मंजुळा काय करते? महालाकडं जायच्या आधी ती तानूच्या घरात शिरली आणि दार लोटून घेतलं.

"तानू," ती म्हणाली, "रायाजी काही वाईट माणूस नव्हता. वामनपंतही नव्हते. दोघं मनापासून बोलत होते, मी डोळ्यांनी बघितलंय. तिथं बसल्यावर काहीतरी होतं गं. त्यांना झालं, मग मी कोण मोठी लागून गेले? मलाही होणार."

तिनं टिपऱ्या तानूच्या ओटीत टाकल्या. म्हणाली, "या तू ठेव. ज्याला हव्यात त्यानं कातळावर येऊन बसायचं, गावाचं ऐकायचं, मगच द्यायच्या. मी निरोप पाठवला तर देऊ नकोस. मी रागावले तर देऊ नकोस. मी रडले तरी देऊ नकोस."

"आणि तू माझा कडेलोट करायला सांगितलास तर?" तानूनं विचारलं. थट्टेतच विचारलं हो.

मंजुळा हसली नाही. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तरीसुद्धा."

बघा, केवढी बाई! अजून सिंहासन दिसलंही नाही, आणि स्वतःवर पहारा बसवून मोकळी झाली. मला तर ही मंजुळा फार आवडते. पण खरी परीक्षा होती तानूची. तिनं शब्द दिला. आणि बाहेर वाजंत्री वाजत वाजत मंजुळा गेली.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मंजुळाराणी सिंहासनावर बसली. यक्षानं जीभ काढली. चट चट चट. सगळं साफ.

राज्य मात्र तिनं छान केलं, खोटं का बोला. पाण्याचे पाट दुरुस्त केले, वजनं तपासली, भांडणं मिटवली. फक्त जात्यावर यायचं बंद झालं. तानू एकटीच दळायची. मनात म्हणायची, राणी आहे आता, तिला कुठला वेळ.

मग एक दिवस सेनापती झुंझारराव महालात आला. मिशा मोठ्या, हात शिवशिवणारे. म्हणाला, "राणीसाहेब, पलीकडच्या राजानं आपल्या हद्दीचा दगड पाडलाय. सैन्य पाठवू." राणी म्हणाली, पाठवा. झुंझारराव म्हणाला, पण टिपऱ्या? राणीला काही आठवेना, टिपऱ्या गेल्या कुठं. कुणीतरी सांगितलं, त्या तानूबाईकडे आहेत. राणीला नवल वाटलं. तिनं दासीबरोबर जरीचं लुगडं पाठवलं, डाळिंबं पाठवली, गोड निरोप पाठवला. टिपऱ्या द्याव्यात.

तानूनं लुगडं बघितलं. हात फिरवला. फार सुरेख होतं. मग घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "राणीसाहेबांना म्हणावं, कातळावर या. बसा. मग टिपऱ्या तुमच्याच आहेत." डाळिंबं मात्र ठेवून घेतली. पोराला आवडायची.

राणीनं नाक मुरडलं. पण एका दगडापायी कोण एवढं करतंय? विषय राहून गेला. आणि नंतर कळलं, दगड कुणी पाडला नव्हता. म्हैस अंग घासायला टेकली होती!

मग पुन्हा एकदा झुंझारराव आला. म्हणाला, "पलीकडच्या दरबारात आपली नक्कल करतात म्हणे. राणीसाहेबांच्या आवाजाची." आता राणीचं डोकं फिरलं. तिनं कोतवालाला पाठवलं, घराची झडती घे आणि टिपऱ्या घेऊन ये.

कोतवालानं दारावर थाप मारली. तानूनं आतून अडसर काढला आणि दार उघडलं. कोतवाल आत शिरला, माणसं शिरली. उतरंड उतरवली, कणगीत हात घातले, लोकर विस्कटली, आढ्यावर शिडी लावली. तानू आपली हातात अडसर धरून बाजूला उभी. मध्येच म्हणते कशी, "कोतवालदादा, ते धुणं पण बघा हो." कोतवालानं धुण्याचा ढीग बघितला, वर पडलेलं धोपाटणं बाजूला ठेवलं, खाली काही नाही. घामाघूम झाला बिचारा. तानूनं त्याला ताक दिलं आणि तो गेला.

टिपऱ्या कुठं होत्या? अरे विन्या, एक तिच्या हातात, तोच अडसर! आणि दुसरी धुण्यावर, तेच धोपाटणं. त्याच्या नाकासमोर!

तानू हसली खरी. पण दार लावून घेतल्यावर ती मटकन खाली बसली आणि रडली. कोतवालाची भीती नव्हती वाटली तिला. मंजुळानं तिच्या घरात शिपाई पाठवले, हे तिला सोसलं नाही. तिला वाटलं, देऊन टाकाव्या मेल्या टिपऱ्या आणि आपली मैत्रीण परत मिळवावी. पण मग तिला ते भरून आलेले डोळे आठवले. ती स्वतःशी म्हणाली, आज जी मागते आहे तीही मंजुळाच, पण माझ्याकडून शब्द घेतला तो शहाण्या मंजुळानं घेतला. मी त्या मंजुळाचं ऐकणार.

आता तिसऱ्यांदा काय झालं, ते नीट ऐका बरं का. या वेळी दगड नव्हता आणि नक्कल नव्हती.

भर दुपारी डोंगरातल्या खिंडीकडं धूर दिसला. एक माणूस धावत आला, अंगावर राख, पाय रक्ताळलेले. पलीकडच्या राजाचे स्वार खिंडीत घुसले होते. तिथल्या गावांतली घरं पेटवली होती. माणसं देवळात कोंडून बसली होती आणि स्वार दाराशी होते. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. झुंझाररावानं शिपाई गोळा केले. त्यात म्हादूही होता. आता मोठा झाला होता, बापासारखाच शिपाई झाला होता, पहिल्या रांगेत उभा राहायचा. घोडी कसली गेली. पण नगारा?

तानूला दरबारात बोलावलं. ती तशीच आली, घोंगडीचे धागे लुगड्याला चिकटलेले. समोर उंच सिंहासन, त्यावर मंजुळा. तेच नाक, हनुवटीवर तोच गोंदणाचा ठिपका. पण डोळ्यांत जुनी माया नाही.

"टिपऱ्या दे," राणी म्हणाली.

"कातळावर ठेवून आलेय, नगाऱ्याशेजारी," तानू म्हणाली. "सगळं गाव तिथं बसलंय. तुम्ही या, बसा, घोड्यांचं पाणी पिऊन होतंय तोवर बैठक उरकेल."

"तिकडं माणसं मरताहेत आणि तू मला बस म्हणतेस?" राणी कडाडली. "कळतंय मला. तुझा पोरगा सैन्यात आहे. त्याला वाचवायला बघतेस तू!"

हे फार लागलं हो तानूला. आणि खरं सांगू, तिचा निश्चयही हलला. तिला वाटलं, आज ती खरं बोलत असेल तर? माझ्या हट्टापायी ते देऊळ पेटलं तर? तिनं डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाली, "आहे माझा पोरगा सैन्यात. त्याचा बाप पण होता. तो कुठं पडला ते मला आजवर ठाऊक नाही. म्हणून म्हणते, या आणि बसा."

राणी म्हणाली, "हिला कड्यावरून लोटून द्या."

कोतवाल पुढं आला, पण त्याचा हात उठेना. त्यानं त्या बाईच्या हातचं ताक प्यायलं होतं. झुंझाररावानं शिपायांना ओरडून सांगितलं, जा रे, कातळावरनं टिपऱ्या उचलून आणा! शिपाई गेले आणि तसेच परत आले. नगाऱ्याभोवती त्यांच्याच आया बसल्या होत्या, मांडीला मांडी लावून. आईला तुडवून कोण जाणार पुढं?

राणी संतापानं उठली. म्हणाली, "मीच आणते." आणि सिंहासनावरून खाली उतरली.

तरातरा चालत गेली. मागं झुंझारराव, मागं दरबार, आणि त्यांच्यामागं कोतवालाबरोबर तानू. कातळाशी आल्यावर एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, जोडे." राणीसुद्धा कातळावर जोडे घालून जात नसे, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं रागारागानं जोडे भिरकावले आणि पाय पुढं टाकला.

आणि चटका! ऊन केवढं, कातळ तापलेला तव्यासारखा. राणी एक पाय उचलते, दुसरा टेकते, दुसरा उचलते, पहिला टेकते. महालात राहून पाय मऊ झालेले. हसायला येत होतं, पण कुणी हसलं नाही. ती म्हातारी सरकली. पदराची घडी करून दगडावर घातली आणि म्हणाली, "बस गं लेकी. पाय भाजतील." आणि मंजुळा बसली.

बसली मात्र. इथं कुठला यक्ष? या कातळावर त्याचं काही चालत नसे. खाली नुसता दगड, आजूबाजूला घामेजलेली माणसं, समोर नगारा. तिनं वर बघितलं, तर कोतवालाशेजारी तानू उभी. आणि मंजुळाला सगळं आठवलं. तानूची ओटी, टिपऱ्या, स्वतःचा आवाज. "तरीसुद्धा" म्हटलेलं आठवलं. आणि घटकेपूर्वी काय फर्मावलं तेही आठवलं.

तिनं तोंडावर पदर घेतला. दबक्या आवाजात म्हणाली, "तानू, मी तुला काय बोलले गं!" एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या वेळी शेजारच्या म्हातारीलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

तानू जवळ जाऊन बसली. म्हणाली, "ते मागनं बघू. आधी खिंड."

मग राणी उठली. आणि स्वतःच्याच हुकमाला पहिला प्रश्न तिनंच विचारला. आता आवाज परत आला होता. "सेनापती, आमची पोरं कुठं चालली? कशासाठी? आणि परत कधी येणार?"

झुंझाररावाला घाम फुटला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं त्याला. तो म्हणाला, "खिंडीत. तिथनं पुढं डोंगर ओलांडू. पुढं त्यांची राजधानी घेऊ. पुढं... बघू." परत कधी, ते त्याला सांगता येईना. तेव्हा कातळावरून माणसं उठायला लागली. एक म्हणाला, खिंडीतली माणसं सोडवायलाच हवीत, त्यात दोन मतं नाहीत. एक बाई म्हणाली, पण हद्दीच्या ओढ्यापलीकडं आपलं काय आहे? दुसरी म्हणाली, पौर्णिमेच्या आत पोरं घरी हवीत, कापणी आहे. कुणी लांबण लावली नाही. बूड भाजत होतं.

शेवटी सगळे तानूकडे बघायला लागले. तिनंच एवढा वेळ अडवून धरलं होतं. आता ती काय म्हणते?

तानू उठली. म्हादू पहिल्या रांगेत घोड्याशेजारी उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं. तिनं टिपऱ्या उचलल्या आणि म्हणाली, "देवळात माणसं आहेत. माझ्या म्हादूला जाऊ दे. सगळ्यांना जाऊ दे. माणसं सोडवायची, ओढा ओलांडायचा नाही, पौर्णिमेला घरी यायचं." आणि टिपऱ्या नगारेवाल्याच्या हातात दिल्या.

काय वाजला नगारा त्या दिवशी! डोंगरावरनं आवाज फिरून आला. घोडी अशी सुटली की धूळ खाली बसायच्या आत पोरं खिंडीच्या वाटेला. कुठं जायचं ते माहीत, कशासाठी ते माहीत, परत कधी यायचं तेही माहीत. असं सैन्य कुणाला अडतंय? देवळाचं दार पडायच्या आत पोचले. स्वारांना पिटाळून लावलं ओढ्यापर्यंत. तिथं झुंझाररावाचे हात पुन्हा शिवशिवले. म्हणाला, चला रे, पलीकडं! शिपायांनी भाले खाली टेकले. म्हणाले, "सेनापती, कातळावर एवढंच ठरलंय." आणि घोडी वळवली.

पौर्णिमेच्या आधीच आले सगळे. कुणी लंगडत, कुणी हात झोळीत, पण सगळे. म्हादूनं येताना आईला खिंडीतली करवंदं आणली होती. पलीकडच्या राजाला वाटलं होतं हे आपल्या अंगावर येणार. ते न येता परत फिरले, हे बघून तोही जरा शहाणा झाला. त्यानं जळलेल्या घरांसाठी वासे पाठवून दिले.

मग मंजुळानं काय केलं? ती म्हणाली, "मला राज्य करायचं तर वर बसावंच लागेल. आणि वर बसले की हे सगळं मी विसरेन, पुन्हा रागावेन." म्हणून कातळावर बसूनच, सगळ्यांच्या देखत, तिनं सांगून टाकलं. टिपऱ्या आता महालात जायच्या नाहीत. गावातल्या बायकांनी पाळीपाळीनं राखायच्या. आणि जो कुणी राजा होईल त्यानं इथं येऊन बसल्याशिवाय मागायच्या नाहीत. आता यक्ष काय करणार? एकट्या माणसाच्या मनातले शब्द त्याला चाटता येत होते. गावभर माणसांनी कानांनी ऐकलेले शब्द तो कुठं कुठं जाऊन चाटणार? उपाशी राहून राहून पालीएवढा झाला आणि फटीत जाऊन बसला.

मंजुळाराणी पुढंही विसरायची बरं का. रागवायचीसुद्धा. पण दर वेळी चरफडत का होईना, खाली उतरून यायची, जोडे काढायची आणि दगडावर बसायची. बसली की आठवायचं. मग लाजून तानूकडं बघायची, आणि तानू तिच्यासाठी शेजारी जागा करायची. असा माणूस मिळायला नशीब लागतं, आणि मिळाल्यावर त्याच्याजवळ खाली बसायला त्याहून मोठं मन लागतं.

आणि करंजनगरीत एक नवलाची गोष्ट व्हायला लागली. तिथले शिपाई म्हातारे व्हायला लागले. तोपर्यंत तिथं म्हातारा शिपाई कुणी बघितलाच नव्हता. आता थंडीच्या दिवसांत सकाळी कातळावर गेलं, की दात पडलेले, काठ्या टेकत आलेले शिपाई ऊन खात बसलेले दिसायचे. म्हादूही त्यांत असायचा. नातवंडं त्याच्या मिशा ओढायची.

सगळी सुखात राहिली. तुम्हीही तशीच राहा. मी दिवा बारीक करते. ठकू, जांभई दिलीस ना? मग झोप आता. विन्या झोपलाच वाटतं, पांघरूण घाला रे त्याच्या अंगावर.